गेलिकची पद्धत स्कॉट्सला चालणार नाही

संपादक महोदय,

स्कॉटलंडच्या संसदेने जून २०२५ मध्ये गेलिक आणि स्कॉट्स या भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला. तेव्हापासून दोघींची नावे जोडीनेच घेतली जातात. कायद्यात ते ठीक. शाळेत मात्र त्यांना एकाच दावणीला बांधणे घातक आहे.

गेलिक ही आयरिशची बहीण. २०२२ च्या जनगणनेत ती बोलणारे जेमतेम ७० हजार भरले. गेलिक माध्यमाच्या वर्गात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी ती बोलली जात नाही. म्हणून १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हरनेसला सुरू झालेली पद्धत अशी: पहिली दोन-तीन वर्षे वर्गात इंग्रजी नाही. हजेरी, गणित, गोष्टी, भांडणे सोडवणे, सगळे गेलिकमध्येच. वाचनही आधी गेलिकचे. इंग्रजी वाचन साधारण तिसरी-चौथीत येते. अक्षरे अठराच आणि स्पेलिंगचे नियम बरेच पक्के, त्यामुळे मुले वाचायला लागतात. घोडे अडते ते शिक्षकांपाशी. बाई रजेवर गेल्या आणि बदलीवर गेलिक न येणारे कुणी आले, की वर्ग इंग्रजीवर घसरतो. पाच वर्षांच्या मुलांना पुन्हा वळवणे सोपे नसते. माध्यमिकला विज्ञान-गणित गेलिकमधून शिकवणारे तर फारच थोडे. २०१६ च्या कायद्याने पालकांना अशा प्राथमिक वर्गाची मागणी करण्याचा हक्क दिला, पण हक्काने शिक्षक तयार होत नाहीत. पैसा आधी तिथे लागायला हवा.

स्कॉट्सचे दुखणे वेगळे. ती इंग्रजीची सख्खी बहीण. बोलता येते म्हणणारे १५ लाख. अनेक मुले ती घरूनच घेऊन येतात आणि वहीत लिहिली की लाल रेघ खातात. ही रेघ थांबवणे हेच पहिले काम. मग तोंडी काम: परिसरातली गाणी, आजी-आजोबांच्या मुलाखती. लेखन त्यानंतर. स्कॉट्सला एकच प्रमाण स्पेलिंग नाही. ॲबर्डीनकडचे मूल आणि शेटलंडचे मूल एकच शब्द वेगळा लिहील. तेव्हा एका निबंधात एका शब्दाचे स्पेलिंग सारखे राहते का, एवढेच तपासावे. इंग्रजीतले अक्षर गळले असे समजून जागोजाग ॲपॉस्ट्रॉफी (गळलेल्या अक्षराची ’ ही खूण) द्यायला तर मुळीच लावू नये. त्यातून मूल आपली भाषा म्हणजे मोडके इंग्रजी असेच शिकते. २०१४ पासून स्कॉट्सचे स्वतंत्र शालेय प्रमाणपत्र आहे, पण ते शिकवणाऱ्या बहुतेकांनी स्वतः शाळेत स्कॉट्स कधी लिहिलेली नाही. त्यांना आधी लिहिते करायला हवे.

– भाषाशिक्षक, पुणे