आंब्यावरचा पाहुणा

वाई, ११ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलास तेव्हा परसातल्या आंब्यावर एक पक्षी सारखा 'चि-स्वी, चि-स्वी' करत होता. तू म्हणालास, चिमणीएवढासुद्धा नाही आणि आवाज किती! तो ग्रीनिश वॉर्बलर, पर्णवटवट्यांपैकी एक. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. अजून इथेच आहे. आज सकाळी खिडकीपासून हातभर अंतरावर पानाखालचे किडे टिपत होता. हिरवट पाठ, फिकट भुवई आणि पंखावर एकच पुसट रेघ.

त्या एका रेघेसाठीच हे पत्र. याचे भाऊबंद हिमालयात राहतात. तिथून ही जात तिबेटच्या पठाराला वळसा घालत उत्तरेला पसरली, काही पश्चिमेकडून, काही पूर्वेकडून. पठारावर झाडंच नाहीत, मग मधून जाणार कशी? वाटेत शेजाऱ्याशेजाऱ्यांची गाणी मिळतीजुळती, हळूहळू बदलत जाणारी. दक्षिणेत ती आखूड आणि साधी. उत्तरेकडे दोन्ही बाजूंना लांबत, गुंतागुंतीची होत गेली, पण दोन्हीकडच्या गाण्याची वीण निराळी. शेवटी मध्य सैबेरियात दोन्ही टोकं एकाच जंगलात भेटतात. पश्चिमेकडच्याच्या पंखावर एक रेघ, पूर्वेकडच्याच्या पंखावर दोन. आणि एकमेकांचं गाणं त्यांना कळत नाही!

पक्ष्यांचे अभ्यासक डॅरेन अर्विन यांनी तिथे नरांना ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. आपल्यातलं गाणं वाजलं की नर तावातावाने धावून येई. दुसऱ्याचं वाजलं तर ढिम्म. २००१ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं. मी ते वाचून कितीतरी वेळ नुसता बसून होतो, सुहास. नराला जे गाणं प्रतिस्पर्ध्याचं वाटत नाही, ते मादीला वराचं तरी कसं वाटावं? मध्ये ना डोंगर, ना नदी. एकाच झाडावर शेजारी बसतील, पण घर मांडणार नाहीत.

पुढे २०१४ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं की दोघांत क्वचित संकर झालेला आहे, आणि हा वळसाही पूर्वी मधे मधे तुटलेला होता. म्हणजे गोष्ट आधी वाटली तितकी सरळ नाही. मला तर ती आता जास्तच खरी वाटते. 'मग जात एक की दोन?' असं तू विचारशीलच. हिमालयात उभा राहून विचारलंस तर एक म्हणेन, सैबेरियात दोन.

एप्रिलमध्ये हा उत्तरेला निघेल. जायच्या आधी कधीकधी पहाटे गाण्याचे तुकडे घोळवतो. गुढीपाडव्याला वहिनींना घेऊन ये. गच्चीवर चहा घेऊ, ऐकू.

तुझा,
माधव