बारीक स्क्रू आणि ड्रायव्हरच्या संचाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्केल मॉडेलसाठीच्या संचातील ड्रायव्हर व स्क्रू एकमेकांना न बसणे, त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

आपला बारीक स्क्रू व ड्रायव्हरचा संच मी मागच्या महिन्यात मागवला. बिलाची प्रत सोबत आहे. आतले ड्रायव्हर आतल्या प्रत्येक स्क्रूला बसतात, असे डब्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. ते बसत नाहीत.

मी १:८७ प्रमाणात वाफेचे पितळी इंजिन बांधते आहे. या मापात स्क्रू फार विचार करून निवडावा लागतो. एम२ म्हणजे २ मिमी व्यासाच्या ॲलन (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) स्क्रूचे डोके ३.८ मिमीचे असते. खऱ्या इंजिनाच्या हिशेबाने ते ३३ सेंटीमीटरचे ताट झाले. म्हणून दिसणाऱ्या जागी मी एम१.२ वापरते आणि आतला सांगाडा जोडायला एम१.६. त्यासाठी १.२५ मिमीचे भोक पाडून टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार, हाताने फिरवते. तेलाचा थेंब टाकून अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असे करत एकेक भोक होते.

आपल्या एम१.६च्या कप्प्यातले पहिले दोन स्क्रू नीट बसले. तिसरा दोन आटे चढून अडकला. काढून मोजला तर व्यास १.६८ मिमी भरला. सगळा कप्पा मोजला तेव्हा वीसपैकी सात स्क्रू एम१.७चे निघाले. दोन्हींची पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ०.३५ मिमीच असते, त्यामुळे सुरुवातीला हाताला फरक कळत नाही आणि कळेपर्यंत पितळेतले आटे गेलेले असतात. माझी तीन भोके अशी वाया गेली.

त्याहून मोठा दोष ड्रायव्हरचा. फुलीच्या खाचेचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) नमुन्याचे आहेत, तसे डब्यावरच लिहिले आहे. ड्रायव्हर मात्र फिलिप्स या फुलीच्या दुसऱ्या नमुन्याचे दिले आहेत. वरून दोन्ही फुल्या सारख्या दिसतात, पण फिलिप्सचे टोक जेआयएस खाचेच्या तळाशी टेकत नाही. ते काठांवर तोलून राहते आणि पीळ देताच वर उसळते. एका मित्राचा जेआयएस ड्रायव्हर त्याच स्क्रूत तळापर्यंत गेला आणि डगमगला नाही. आपल्या ड्रायव्हरने माझ्या एका स्क्रूची खाच पार झिजली. तो ड्रिलने काढताना बिट घसरले आणि रंगवलेल्या बाजूच्या पत्र्यावर खोल ओरखडा उमटला. त्या पत्र्याचे रिव्हेट मी एकेक करून उठवले होते. तो पत्रा आता पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार आहे.

१.५ मिमीची म्हणून दिलेली ॲलन की १.४३ मिमी भरते, तीही बदलून हवी.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी "जोर जास्त लागला असेल" असे सांगितले. हे मला मान्य नाही. एवढ्या स्क्रूला मी दोन बोटांच्या चिमटीने पीळ देते, मूठ लावतच नाही. टोक खाचेत पूर्ण बसले तर जोर लागत नाही, आणि बसले नाही तर कितीही हलक्या हाताने फिरवा, खाच जातेच. नवख्या माणसाला हे उत्तर मिळाले तर तो स्वतःच्याच हाताला दोष देत बसेल, म्हणून ते मला जास्त खटकले.

संचाची पूर्ण रक्कम परत मिळावी. पत्र्याच्या नुकसानीबद्दल आपण काय करणार, ते लेखी कळवावे. डब्यावर फुलीचा नमुना, स्क्रूचा व्यास व पिच आणि ॲलन कीचे प्रत्यक्ष माप छापावे, आणि ते होईपर्यंत 'प्रत्येक स्क्रूला बसतात' ही ओळ काढून टाकावी. बाद स्क्रू, ड्रायव्हर आणि कॅलिपरवरच्या मापांचे फोटो सोबत पाठवत आहे. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

आपली,
एक ग्राहक