सायलेन्सरच्या आवाजाची चर्चा होते, तापाची होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्कश सायलेन्सरांविरुद्धच्या तक्रारी आपल्या पत्रस्तंभात वरचेवर छापून येतात आणि त्या रास्तच आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे अशा गाडीसाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्याला अपात्रता अशी तरतूद आहे. पण सायलेन्सर बदलल्यावर गाडीखालचा ताप कुठे जातो, याविषयी कुणी बोलत नाही. आवाज पोलिसांच्या कानावर जातो. ताप मात्र गाडी पेटेपर्यंत कुणाला दिसत नाही. म्हणून हे पत्र.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, व्हर्टस, आय-२० एन लाइन अशा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्यांचे सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या नळ्या बदलण्याचं काम सर्रास होतं. चोर्ला किंवा आंबोली घाट जोरात चढताना या इंजिनांच्या टर्बोत शिरणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. नळी ६०० अंशांवरून ८०० वर गेली, की शेजारच्या रबराला, वायरला, ब्रेकच्या नळीला दुपटीहून जास्त झळ लागते. कंपनीने हे सगळं मोजून झळ अडवणारे पत्रे (हीट शील्ड) बसवलेले असतात. आपल्याकडे पहिला घाव त्या पत्र्यांवरच पडतो.

लाल माती आणि पाऊस यांनी पत्र्याचे बोल्ट गंजतात, पत्रा खडखडू लागतो आणि गॅरेजमध्ये तो उपटून फेकला जातो. गिऱ्हाईकही खूश, आवाज बंद. हे चूक आहे. बोल्टाचं भोक मोठं झालं असेल तर मोठा वायसर घालून पत्रा परत बसवता येतो. नळीवरचा पत्रा सैल असेल तर स्टेनलेसची लांब जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) पुरते. दहा मिनिटांचं काम आहे. नवी नळी जाड असल्यामुळे जुना पत्रा बसत नसेल, तर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून नवा करावा, मात्र नळी आणि पत्रा यांत निदान १० ते १५ मिलिमीटर हवा मोकळी राहिली पाहिजे. पत्रा नळीला टेकला तर तो अडसर उरत नाही, स्वतःच तापतो. आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. चकचकीत बाजू नळीकडे. त्यावर काळा रंग मारून ‘फिनिशिंग’ करणाऱ्यांनी तरी हे लक्षात घ्यावं.

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंग मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते नळीवर, कॅटवर (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर) आणि पत्र्यांवर उडालं तर आधी धूर आणि वास येतो, आणि थर जाड असेल तर पेटही घेतो. फवारणीआधी संपूर्ण एक्झॉस्ट कागद आणि चिकटपट्टीने झाकून घ्यायला सांगावं.

आता हीट रॅपविषयी, म्हणजे नळीला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीविषयी, कारण ही पट्टी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध असा समज पसरला आहे. काचतंतूची साधी पट्टी साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत टिकते, बेसॉल्टची त्याहून बरीच वर. ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी घट्ट ओढत, १२ मिलिमीटर एकावर एक घेत गुंडाळायची आणि स्टेनलेसच्या पट्ट्यांनी आवळायची. हातमोजे आणि मास्क हवेतच. पहिल्या दोन-तीन वेळा तापल्यावर धूर येतो, तो चिकटद्रव्य जळल्याचा असतो, घाबरू नये. इंजिनाजवळच्या कोरड्या जागेत, स्टेनलेसच्या हेडरवर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर) ही पट्टी उपयोगी आहे. पण नळीची उष्णता बाहेर जाऊ दिली नाही म्हणजे खुद्द नळीच जास्त तापते. साध्या लोखंडी हेडरला पट्टी गुंडाळली की आतून पापुद्रे सुटतात आणि जोडांवर चिरा जातात. पट्टी सोडेपर्यंत ते दिसतही नाही. त्यात जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रस्त्यावरचं पाणी आणि चिखल पट्टी स्पंजासारखी शोषून धरते. आमचं स्पष्ट मत आहे, की पावसाळाभर घाटात फिरणाऱ्या गाडीच्या पोटाखालच्या नळीला पट्टी गुंडाळू नये. तिथे पत्राच हवा. टर्बोला ब्लँकेट (उष्णतारोधक आवरण) घालायचं तर ते फक्त गरम बाजूच्या घरावर. मधलं बेअरिंगचं घर झाकलं तर आतलं तेल जळून कोळसा होतो आणि टर्बो जातो.

नळीचा धातू विचारून घ्यावा. ‘एसएस आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. ४०९ आणि ३०४ या स्टेनलेसच्या दोन जाती. ४०९ ला चुंबक चिकटतो, तो वरून तांबूस होतो पण तापाला टिकतो. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, गंजाला तो सरस, पण तापल्यावर जास्त फुगतो. ३०४ ची दीड मीटर नळी ४०० अंशांनी तापली की जवळजवळ १० मिलिमीटर लांब होते. ही वाढ सामावायला डाऊनपाइपनंतर (टर्बोतून खाली येणाऱ्या नळीनंतर) लवचीक फ्लेक्स जोड आणि मागे हलू देणारी रबरी हँगर हवीत. फ्लेक्स वाचवून सरळ नळी जोडली की ताण मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्टांनी जोडायच्या सपाट कडेवर येतो. मग ‘वेल्डिंगच कच्चं होतं’ म्हणून कारागिराला बोल लागतो.

वेल्डिंगचं म्हणाल तर उद्यमबागेत आणि मच्छे भागात हे काम उत्तम करू शकणारे हात आणि यंत्रं दोन्ही आहेत. टिग (आरगॉन वायूच्या आडोशाने करायचं) वेल्डिंग, ३०४ ला ३०४ जोडताना ३०८-एल तार, ३०४ ला साधं लोखंड किंवा ४०९ जोडताना ३०९-एल. नळीच्या आतूनही आरगॉन सोडावा. तो वाचवला की जोडाच्या आतल्या बाजूला साखरेसारखा खडबडीत काळा थर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. फ्लँज १० मिलिमीटरची असली तरी वेल्डिंगने वाकते. ती सपाट पट्टीवर तपासावी, मधून उजेड दिसला तर ग्राइंडिंग करून घ्यावी.

नळीचा व्यास हा हौसेचा विषय झाला आहे. तीन इंची नळीचं क्षेत्रफळ अडीच इंचीपेक्षा ४४ टक्के जास्त असतं. दोन लिटरच्या टर्बो इंजिनाला ते समजण्यासारखं आहे. एक लिटरच्या इंजिनाला त्याने आवाजापलीकडे फारसं काही मिळत नाही, उलट गाडीचं पोट खाली येतं आणि प्रत्येक गतिरोधकाला नळी घासते. एक-दीड लिटरच्या नव्या टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) इंजिनांत आणि ऑक्टाव्हिया आरएसच्या दोन लिटरच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असून त्याभोवती कूलंट खेळतं. त्यांना वेगळा हेडर बसवायला जागाच नाही. तरी तो ‘आणून देतो’ म्हणणारे भेटतात.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कॅट काढून टाकणं आणि जोडीला इंजिनाच्या संगणकात भरलेला, फटाके फोडणारा ट्यून. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ठिणगी उशिरा देऊन, पेट्रोल चालू ठेवून ते एक्झॉस्टमध्ये जाळणं, हाच तो आवाज. ती आग टर्बोच्या पंख्यांत आणि कॅटमध्ये लागते. कॅट असेल तर आतली जाळी वितळून वाट बंद होते, गाडी ओढत नाही आणि नळी लालबुंद होते. कॅट काढला असेल तर मागचे मफलर आणि त्यांतली लोकर जळते. बीएस-६ गाडीत कॅट नसणं हे उघड बेकायदा आहे आणि चेक इंजिनचा दिवा लागून पी-०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येत राहतो. डाऊनपाइप बदलल्यावर टर्बोनंतरचा अडथळा कमी होऊन बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) ठरल्यापेक्षा चढू शकतो. म्हणून संगणकातला मॅप (पेट्रोल, ठिणगी आणि बूस्टचे आकडे) बदलणं भाग आहे, पण तो ताप मोजून करावा, आवाज ऐकून नव्हे.

ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणाऱ्या भागाच्या) आधी गळती असेल तर नळीतल्या दाबाच्या लाटा बाहेरची हवा आत ओढतात. सेन्सरला वाटतं मिश्रण फिकं आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, संगणक पेट्रोल वाढवतो आणि ते जादा पेट्रोल त्या हवेबरोबर कॅटमध्ये जळतं. मायलेज पडतं, कॅट तापतो, आणि गिऱ्हाईक सेन्सर बदलत बसतं. गळती शोधायची तर इंजिन थंड असताना मागच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडावी आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडावं. नवा सेन्सर बसवताना त्याचं टोक खाली झुकलेलं, आडव्या रेषेपासून निदान १० अंश कोनात असावं. नाहीतर साचलेलं पाणी आतली सिरॅमिक फोडतं. आटा १८ मिलिमीटरचा, दीडच्या पिचचा. ४० ते ५० न्यूटन-मीटर पुरे. ग्रीस फक्त आट्याला, टोकाला नाही.

काम झाल्यावर गाडी लिफ्टवर असतानाच ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, ड्राइव्ह शाफ्टचा बूट (रबरी टोपण), स्टिअरिंग रॅकचा बूट आणि गिअरच्या केबल यांचं नळीपासूनचं अंतर बघून घ्यावं. पावसाळी हवेत पाणी ओढलेलं डॉट-४ ब्रेक ऑइल १५५ अंशांनाही उकळू शकतं. घाट उतरताना पॅडल तळाला जाण्याचं हे एक कारण असतं. मागे नळीचं टोक आणि बंपर यांत १२ ते १५ मिलिमीटर जागा हवी. टोक गाडीच्या पोटाखालीच कापून सोडू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि एसी लावून उभ्या गाडीत बसणाऱ्याला तो कळतच नाही.

उसाची तोड झाली की निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडे रस्त्याकडेला पाचट पसरलेलं असतं. तवंदी घाट चढून आलेली गाडी फोटोसाठी त्यावर उभी करू नये. तापलेल्या कॅटवरून पाचटाला ठिणगीही लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावेत, डांबरावर किंवा उघड्या मातीवर थांबावं, इंजिन मिनिटभर मंद चालू देऊन मग बंद करावं.

गॅरेजवाल्या बंधूंना विनंती, की बिलावर धातूची जात, जाडी आणि व्यास लिहून द्यावा, काढलेले पत्रे आणि कॅट गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यावेत, आणि ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायला गाडी बोलवावी. थंड असताना, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्याने.

आपले,
उद्यमबाग परिसरातील काही वाहन-दुरुस्ती व फॅब्रिकेशन कारागीर,
बेळगाव