फिट्सची सीआर गोळी न विचारता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषध विक्री विभाग

विषय : चिठ्ठीवरील कार्बामाझेपिन सीआर (औषध हळूहळू सोडणारी फिट्सची गोळी) ऐवजी साधी गोळी पाठवणे, कापलेल्या स्ट्रिप व उशिरा पोहोचलेली औषधे.

महोदय,

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कार्बामाझेपिन सीआर ४००, सकाळी एक, रात्री एक’ असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या पाकिटातून ४०० मिलिग्रॅमचीच, पण साधी गोळी आली. बिलावर ‘पर्यायी औषध’ एवढाच शेरा होता. पाठवण्याआधी ना फोन आला, ना मेसेज. त्यानंतर आमच्या रुग्णाला, एरवी दोन-तीन महिन्यांतून एखादी येणारी फिट जवळपास दर आठवड्याला येऊ लागली. आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर असे : ‘मात्रा तीच आहे, आजार वाढला असेल, डॉक्टरांना दाखवा.’ डॉक्टरांना दाखवले आहे. आजार वाढलेला नाही. मात्रा तीच असूनही फिट्स का वाढतात, हे औषधे विकणाऱ्या कंपनीला माहीत असायलाच हवे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

सीआर गोळीतून औषध हळूहळू, तासन्‌तास सुटत राहते, म्हणून ती दिवसातून दोनदा पुरते. साधी गोळी लवकर विरघळते. तेवढीच मात्रा सहसा तीन-चार वेळा विभागून द्यावी लागते. ती दोनदाच दिली, तर गोळीनंतर काही तासांनी रक्तातली पातळी उंच जाते : चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो. पुढच्या गोळीची वेळ येईपर्यंत तीच पातळी खाली घसरते आणि त्या घसरणीत फिट येते. आमच्या रुग्णाच्या नव्या फिट्स पहाटेच्या, म्हणजे रात्रीच्या गोळीचा असर सरत आल्यावरच्या आहेत, आणि दुपारी चक्कर आहेच. कार्बामाझेपिनची पातळी साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. सकाळच्या गोळीआधी रक्त दिले, तेव्हा ती ४ च्या खाली निघाली. हीच तपासणी गोळी घेतल्यानंतर केली असती, तर अहवाल कदाचित व्यवस्थित आला असता आणि ‘आजार वाढला’ हेच सगळ्यांना खरे वाटले असते.

स्वस्त जेनेरिक औषधांबद्दल आमची तक्रार नाही. चांगल्या कंपनीचे जेनेरिक सुरू करून तेच कायम ठेवले, तर बहुतेक रुग्णांचे व्यवस्थित चालते, आणि आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या घरांना त्याचा मोठा आधार आहे. आक्षेप आहे तो दर महिन्याला हाताला लागेल ती कंपनी आणि लागेल तो प्रकार पाठवण्याला. फेनिटॉइन या फिट्सच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर हे फार धोक्याचे. त्याची मात्रा थोडी वाढली तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते, थोडी कमी झाली तरी कोसळू शकते. १९६८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधले नुसते भरणीचे द्रव्य बदलले, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले, आणि त्याच मात्रेवर असलेल्या कितीतरी रुग्णांना औषधाची विषबाधा झाली. औषधाचे वजन एका मिलिग्रॅमनेही बदललेले नव्हते. आपल्या संगणकात मात्र नाव आणि मिलिग्रॅम जुळले की गोळी ‘तीच’ ठरते.

दुसरी तक्रार पॅकिंगची. ऐन पावसाळ्यात स्ट्रिप कात्रीने कापून, काही गोळ्यांचे कप्पे उघडे पडलेल्या अवस्थेत, कागदी पाकिटात आल्या. कापताना बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दोन्ही गेले. कार्बामाझेपिनची गोळी दमट हवेत कडक होते, नीट विरघळत नाही आणि तिचा एक तृतीयांश असर जाऊ शकतो. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिट्सचे औषध तर हवेतले पाणी इतके शोषते की गोळी तोंडात टाकण्याच्या क्षणापर्यंत फॉइलमध्येच राहायला हवी. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत मीठसुद्धा ओले होते.

तिसरी, उशीर. गोळ्या संपायला दोन दिवस उरले की आपले ॲप आठवण करते आणि औषध त्यानंतर चार-पाच दिवसांनी येते. फिट्स अचानक वाढण्यामागे गोळ्या चुकणे हे सगळ्यात नेहमीचे कारण आहे. लेव्हेटिरासिटॅम हे फिट्सचे औषध प्रौढांच्या शरीरात सहा ते आठ तासांत निम्मे उरते, त्यामुळे एक दिवसाचा खंडही जाणवतो. क्लोबाझाम किंवा फेनोबार्बिटोन ही फिट्सची औषधे अचानक थांबली, तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. पाच मिनिटांहून लांबलेली फिट म्हणजे १०८ ला फोन करून रुग्णालय गाठण्याची वेळ. आपल्या ‘डिलिव्हरीस विलंब, क्षमस्व’ या मेसेजच्या पलीकडे घरात हे घडू शकते.

आणखी एक गोष्ट. कार्बामाझेपिनच्या ऑर्डरखाली आपले ॲप ‘यासोबत हेही घ्या’ म्हणून कापूर-निलगिरीचे बाम आणि सर्दीच्या गोळ्या सुचवते. कापूर पोटात गेला तर फिट येते हे जुने ज्ञान आहे, निलगिरी तेलानेही त्या येऊ शकतात, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांतली झोप आणणारी ॲलर्जीची औषधे फिटचा धोका वाढवतात. जुलाबासाठी सर्रास घेतले जाणारे ऑफ्लॉक्सासिन आणि दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल यांचेही तेच. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने कार्बामाझेपिनची पातळी वाढून विषबाधा होते. यातले एकही औषध मागवताना आपल्याकडून इशारा येत नाही.

ताप, जागरण, उलट्या-जुलाब, दारू, पाळीचे दिवस, नवे औषध यांनीही फिट्स वाढतात. (विसर्जन मिरवणुकीच्या रात्रभराच्या जागरणानंतर असे रुग्ण हमखास त्रासात येतात.) पत्र लिहिण्याआधी डॉक्टरांसोबत ही सगळी कारणे एकेक करून तपासली. बदल झाला तो फक्त गोळीत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५(११ए) प्रमाणे शेड्यूल एचमधील (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या) औषधाच्या चिठ्ठीवर, घटक तोच असला तरी, दुसरे औषध परस्पर देता येत नाही. तेव्हा आमच्या मागण्या अशा. चिठ्ठीतली सीआर गोळी त्याच कंपनीची, अखंड स्ट्रिपमध्ये द्यावी. साध्या गोळ्यांचे पैसे आणि रक्ततपासणीचा खर्च परत करावा. फिट्सच्या औषधांसाठी ‘पर्यायी औषध’ ही सोय कायमची बंद करावी. माल नसेल तर त्याच दिवशी फार्मासिस्टने स्वतः फोन करून तसे सांगावे, म्हणजे आम्ही जवळच्या दुकानातून घेऊ. आठवण किमान दहा दिवस आधी यावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर ही घटना कळवत आहोत, कारण याच गोळ्या इतर घरांतही गेल्या असणार.

सोबत चिठ्ठी, बिल, कापलेल्या स्ट्रिपची छायाचित्रे व रक्ततपासणीचा अहवाल जोडला आहे. उरलेल्या गोळ्या पुरावा म्हणून आमच्याकडेच ठेवल्या आहेत. त्या न्यायला माणूस पाठवू नये.

आपले ग्राहक,
रुग्णाचे कुटुंबीय,
पुणे