‘नॉन-इंडक्टिव्ह’ म्हणून विकलेल्या डमी लोडबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ५० ओहम, ३०० वॅटचा डमी लोड, त्यामुळे जळालेले व्हॉल्व्ह आणि तुमच्या माणसाने दिलेलं उत्तर

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोललो. फोनवर बोलण्यासारखं आता काही उरलेलं नाही, म्हणून लिहितोय. डमी लोड कशाला लागतो, म्हणजे अँटेनाऐवजी सेटला जोडून त्याची ताकद आतच जिरवायला, हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही तो बनवता आणि विकता.

तुमच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘नॉन-इंडक्टिव्ह’ छापलंय, म्हणजे आत तारेच्या गुंडाळीचा परिणाम नाही. त्या एका शब्दासाठी मी ४,८५० रुपये मोजले. माझा हौशी (हॅम) रेडिओचा सेट येसू कंपनीचा एफटी-१०१ई, सत्तरच्या दशकातला. त्याच्या फायनलला, म्हणजे शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला, ६जेएस६सी व्हॉल्व्हची (काचेच्या नळ्यांची) जोडी असते. हे व्हॉल्व्ह मुळात टीव्हीच्या हॉरिझाँटल आउटपुटसाठी बनायचे. ते टीव्ही गेले, व्हॉल्व्हही बनायचे थांबले. आता कुणाकडे जुना साठा निघाला तरच मिळतात. म्हणून असा सेट बाळगणारा माणूस आधी डमी लोडवर ‘प्लेट’ आणि ‘लोडिंग’ ही दोन बटणं जुळवतो, मगच अँटेनाला हात लावतो. एका वेळी दहा सेकंदांच्या वर कॅरिअर (नुसती अखंड लहर) द्यायचा नाही हा नियम मी आजवर मोडलेला नाही, त्या दिवशीही मोडला नाही.

चाळीस मीटरच्या बँडवर प्लेटचा डिप (बरोबर जुळलं की करंटची सुई खाली येते ती जागा) काही केल्या सापडेना. कॅरिअर बंद करून मिनिटभर थांबायचो, परत बघायचो. चूक माझीच असणार असं वाटत राहिलं, कारण सेट नुकताच दुरुस्त करून आणला होता. डमी लोडवर कुणी संशय घेत नाही. बाकी सगळं ज्याच्या भरवशावर तपासायचं तीच वस्तू ती. चौथ्या खेपेला डावीकडच्या व्हॉल्व्हची प्लेट चेरीसारखी लाल झाली. मी हात मागे घेईपर्यंत वास सुटला होता. आता जोडीतला एक व्हॉल्व्ह मेलाय, दुसरा आयडलिंग करंट, म्हणजे सिग्नल नसतानाचा ठरलेला करंट, धरत नाही.

नंतर एसडब्ल्यूआर मीटर मध्ये घालून पाहिलं. लोड बरोबर असेल तर तो एकाच्या आसपास दाखवतो. ऐंशी मीटरवर साडेतीन. चाळीसवर सुई लाल पट्ट्यात जाऊन टेकली. मग तुमच्या डब्याचे चार स्क्रू काढले. आत २०० ओहमचे चार रेझिस्टर समांतर जोडलेले, चारही वायरवाउंड. एकाचं वरचं आवरण खरवडलं तर तारेचे वेढे सरळ डोळ्यांना दिसतात. एलसीआर मीटरवर सगळ्यांचं मिळून इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्री भरलं. चाळीस मीटरच्या ७.१ मेगाहर्ट्झवर याची रिअ‍ॅक्टन्स (वेढ्यांचा अडथळा) १३० ओहमच्या पुढे जाते. डब्यावर नॉन-इंडक्टिव्ह आणि आत गुंडाळी! याला फसवणूक म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. मी म्हणालो, आत वायरवाउंड रेझिस्टर आहेत. तुमचा माणूस म्हणाला, “सर, मल्टिमीटर आहे का तुमच्याकडे? लावा.” लावला. “किती दाखवतोय?” पन्नास पूर्णांक दोन. “मग झालं की सर. पन्नास लिहिलंय, पन्नास येतंय. प्रॉब्लेम तुमच्या सेटमध्ये आहे.” मी सांगितलं, मल्टिमीटर डीसीवर मोजतो, वेढ्यांचा परिणाम आरएफवर, म्हणजे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर, दिसतो. पलीकडे शांतता. मग त्याने फोनवर हात ठेवला असावा, पण तो नीट ठेवला नव्हता. मला स्पष्ट ऐकू आलं, “अरे, ते रेडिओवाले काका आहेत परत.” मागे कुणीतरी हसलं. मग मला म्हणाला, “काका, एवढा जुना सेट कशाला सांभाळताय? बोलायला मोबाइल आहे की.”

‘सर’चा ‘काका’ व्हायला दहा सेकंद लागली. आमच्याकडे काका म्हणण्यात मान असतो. त्याच्या काकात तो नव्हता.

मोबाइलचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ आहे. शिरोलीजवळ महामार्ग बंद, आमच्या गल्लीत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. हा सेट १२ व्होल्टवरही चालतो. जीपची बॅटरी जिन्याने वर आणली आणि याच ‘जुन्या’ सेटवरून सांगली-पुण्याच्या हॅम मंडळींना निरोप दिले. कुणाची आई कुठल्या शाळेत सुखरूप आहे, कुणाचं औषध संपलंय, असले साधे निरोप. पावसाळा दर वर्षी येतो. यंदा सेट टेबलावर उघडा पडलाय.

आणि डब्यावर नॉन-इंडक्टिव्ह छापलं होतं, हे मी परत लिहितोय, कारण चारही फोनवर त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

याचंच सगळ्यात वाईट वाटतं. माझी मोर्स की तुमची आहे, एसडब्ल्यूआर मीटर तुमचा आहे. ज्या मीटरने तुमचा डमी लोड खोटा पाडला तो तुम्हीच अठरा वर्षांपूर्वी बनवलेला, आणि अजून चोख आहे. तेव्हा तुमच्याकडे फोन केला की पलीकडचा माणूस विचारायचा, “कुठल्या बँडवर?” नव्या पोरांना मी तुमचंच नाव सांगायचो. आता सांगणार नाही.

डमी लोडचे ४,८५० आणि व्हॉल्व्हच्या जोडीचे ९,००० रुपये पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत. या मालाची विक्री थांबवा आणि ज्यांनी ज्यांनी घेतलाय त्यांना लेखी कळवा, कारण उद्या आणखी कुणाचे फायनल्स जातील. नाहीतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच ती करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहराचे हेलपाटे घालावे लागणार नाहीत. डबा, चारही रेझिस्टर, बिल आणि फोटो जपून ठेवलेत.

तपासायला माणूस पाठवणार असाल तर अवश्य पाठवा. त्याच्यासोबत आरएफवर मोजणारा अँटेना अ‍ॅनालायझर द्या. मल्टिमीटर माझ्याकडे आहे.

तुमचा जुना ग्राहक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर