उत्तराच्या खाली एक वाक्य लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजं सुरू झाली आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या गल्लीतली मुलं स्टॅटिस्टिक्सच्या (सांख्यिकीच्या) वह्या घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मी प्राध्यापक नाही. कृषी खात्यात नोकरी करून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. पण पीक कापणी प्रयोग (शेताचा एक तुकडा आखून, कापून, मोजून उत्पादनाचा अंदाज काढणं) नोकरीभर केले, त्यामुळे नमुना, सरासरी, विचलन हे सगळं मी बांधावर उभं राहून शिकलो. या मुलांचा अभ्यास पाहून जे वाटतं, ते त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्या शिक्षकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

शेजारची एक मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. हुशार, कष्टाळू. सहसंबंधाचं, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात त्याचं, गणित तिने चार दशांश स्थळांपर्यंत अचूक सोडवलं होतं. मी विचारलं, "याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली, "काका, पॉझिटिव्ह कोरिलेशन आहे." कशाचा कशाशी, हे तिला सांगता येईना, कारण गाईडमध्ये नुसते एक्स आणि वाय होते. दोष तिचा नाही. तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

माझं सांगणं एवढंच आहे. या विषयात आकडा आला म्हणजे उत्तर आलं असं नाही. प्रत्येक गणिताखाली साध्या मराठीत एक वाक्य लिहावं, घरच्या माणसाला वाचून दाखवलं तर कळेल असं. ते वाक्य सुचत नसेल तर पुढचं गणित घेऊ नये.

आकडे गाईडमधलेच कशाला हवेत? या मुलीच्या घरची केळीची बाग आहे. कटाईच्या दिवशी घडांची वजनं लिहून आण, आणि काट्यावर ठेवण्याआधी प्रत्येक घडाचा तुझा अंदाजही लिही, असं मी तिला सांगितलं. तिने दोन ओळींतल्या पाच-पाच घडांची वजनं आणली. पहिल्या ओळीत 19, 20, 20, 20, 21 किलो. दुसरीत 12, 16, 20, 24, 28. सरासरी दोन्हींची 20. प्रमाणित विचलन, म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत ते, मात्र पहिल्या ओळीचं एक किलोच्याही आत आणि दुसरीचं पाच किलोच्या वर. मग तिने स्वतः वाक्य लिहिलं: "दोन्ही ओळींत सरासरी माल सारखाच आहे, पण दुसऱ्या ओळीतला एकसारखा नाही, व्यापारी तो वेगळा काढेल." एवढं लिहून ती थांबली नाही. दुसऱ्या ओळीला ठिबकचं पाणी सारखं पोचतं का, ते पाहायला वडिलांना घेऊन गेली. विचलनाचं सूत्र तिला पाठ होतंच, पण ते कशासाठी आहे हे त्या दिवशी उमगलं. पाच घडांवरून बागेचा निकाल लावता येत नाही, हेही मी तिला सांगितलं. पुढच्या कटाईला जास्त घड मोजायचे ठरले आहेत.

नमुन्याचंही तसंच. पीक कापणी प्रयोगात ज्वारीच्या शेतात 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखतात. तो कुठे आखायचा हे ना आम्ही ठरवायचं, ना शेतकऱ्याने. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि यादृच्छिक, म्हणजे रँडम, अंक सांगतील तितकं लांबीत आणि रुंदीत जायचं. तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. शेतकरी कळवळून सांगायचा, "भाऊ, आठे नका मोजू, तठे मोजा, आठे माल चांगला शे." (इथे नका, तिथे मोजा, इथे माल चांगला आहे.) त्याचं खरंच असायचं, उत्पन्न जास्त दिसलं तर विम्याचे पैसे जातात. पण जागा आपण निवडली की तो आकडा सगळ्या महसूल मंडळाच्या (गावांच्या गटाच्या) वतीने बोलण्याच्या लायकीचा राहत नाही. त्या 50 चौरस मीटरमधल्या धान्याला 200 ने गुणलं की हेक्टरी उत्पादन येतं, म्हणजे जागेत केलेली लबाडीही 200 पटीने वाढते. रँडम सॅम्पलिंगची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांनी ही दोरी एकदा हातात धरावी.

हा विषय तर शेतातच वाढला. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि मुलं ज्याला घाबरतात तो अॅनोव्हा (अनेक गटांच्या सरासरींत खरा फरक आहे का ते तपासण्याची पद्धत) तिथल्या पिकांच्या प्रयोगांमधून पुढे आला. आपल्याकडे सांख्यिकीतज्ज्ञ प्र. चं. महालनोबिसांनी बंगालच्या तागाच्या पिकासाठी नमुना पाहणी उभी केली. पीक कापणीची पद्धत देशात रुजवणाऱ्यांतले पां. वा. सुखात्मे तर आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. खान्देशच्या मुलांनी हा विषय परका का मानावा?

सगळ्यात जास्त घोटाळा पी-व्हॅल्यूचा. 'दोन गटांत फरक नाही' हे गृहीतक धरून केलेल्या चाचणीत ती 0.03 आली की मुलं लिहितात, "गृहीतक खोटं असण्याची शक्यता 97 टक्के." हे चूक आहे, आणि अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये त्यावर निवेदन काढावं लागलं, इतका हा गैरसमज जगभर आहे. कपाशीच्या दोन वाणांत खरोखर काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 3 टक्के, एवढंच तो आकडा सांगतो. एक वाण विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत आणि दुसरं मुरमाड टेकाडावर लावलं असेल, तर तो आकडाही काही कामाचा नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडं. सोडवलेली गणितं पुन्हा पुन्हा वाचू नका, वही मिटून कोऱ्या कागदावर मांडा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. दुसरं, धड्याच्या शेवटची गणितं ओळीने सोडवली की कुठली टेस्ट (सांख्यिकी चाचणी) लावायची हे धड्याच्या नावावरूनच कळतं. म्हणून सगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, डबा हलवून एक उचला, आणि न सोडवता फक्त कुठली टेस्ट व का, ते सांगा. आणि संगणकावर आकडे टाकल्याबरोबर आधी आलेख काढा. सांख्यिकीतज्ज्ञ अँस्कोम्ब यांनी 1973 मध्ये चार तक्ते करून दाखवले होते. चारही तक्त्यांत सरासरी सारखी, सहसंबंधही सारखा 0.82च्या आसपास, आणि आलेख काढले तर चारही वेगळे.

विद्यार्थ्यांनी इतकं केलं तरी गुण कशाला मिळतात यावरच त्यांचा अभ्यास ठरतो. म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या सांख्यिकी अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे: प्रॅक्टिकलच्या गुणांत अर्थ सांगणाऱ्या वाक्याला वेगळे गुण ठेवा, आणि जर्नलमधलं निदान एक प्रॅक्टिकल विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर असू द्या. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच. बाजार समितीतले भाव, गावातलं पर्जन्यमापक, घरची वीजबिलं, काहीही चालेल.

ज्वारी-बाजरीची कापणी पावसाळा सरता सरता सुरू होईल. तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाला वर्ग घेऊन शेतात यायचं असेल, तर दोरी, खुंट्या आणि काटा माझ्याकडे आहे, शेतकऱ्याची परवानगीही मी घेऊन ठेवीन. फक्त आठवडाभर आधी कळवावं.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
चोपडा, जि. जळगाव