बेरियम मीलचे पैसे, तपासणी मात्र अर्धीच

प्रति,
मा. व्यवस्थापक,
निदान केंद्र, धंतोली, नागपूर

विषय: बेरियम मीलची अपुरी तपासणी व चुकीचा रिपोर्ट

महोदय,

माझ्या वडिलांना जेवल्यावर पोट गच्च होऊन उलट्या होतात, म्हणून डॉक्टरांनी बेरियम मील, म्हणजे बेरियम पाजून जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीची क्ष-किरण तपासणी, लिहून दिली. चिठ्ठी तुमच्या काउंटरवर दाखवली, पावतीही मीलचीच फाटली. आत मात्र बाबांना उभ्यानेच ते खडूच्या पाण्यासारखे औषध घोटभर पाजले, गळ्यापासून छातीपर्यंतचे फोटो काढले आणि "झालं काका, या आता" म्हणून बाहेर काढले. टेबलावर झोपवणे नाही, कुशीवर वळवणे नाही. हा तर बेरियम स्वॉलो, म्हणजे नुसती अन्ननलिकेची तपासणी झाली! बेरियम जठरात कसे पसरते, पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला (ड्युओडेनममध्ये) कसे उतरते, हेच तर आम्हाला बघायचे होते.

खरी कमाल रिपोर्टची. फिल्मवर जठर धड दिसतच नाही, आणि रिपोर्टात 'जठर व ड्युओडेनम नॉर्मल' असे बिनदिक्कत छापले आहे. हा मजकूर आधीच टाइप करून ठेवलेला असतो की काय? डॉक्टरांनी फिल्म लाइटबॉक्सवर लावली आणि मलाच विचारले, "यात पोट कुठे आहे?"

बाबांना शुगर आहे. रात्रीपासून उपाशी माणसाचा नंबर दुपारी लागला. अशा पेशंटला सकाळी आधी घ्यायचे असते. शेजारच्या गृहस्थांना तर खर्रा खाल्ला म्हणून परत पाठवले. तंबाखू-सुपारीने लाळ आणि पोटातला रस वाढतो, बेरियमचा थर नीट बसत नाही, हे मान्य. पण फोनवर त्यांना कुणी बोलले नव्हते. नागपुरात तरी ही सूचना सगळ्यात आधी द्यायला हवी.

तपासणीनंतर भरपूर पाणी प्या, एक-दोन दिवस शौच पांढरी होईल, एवढेही कुणी सांगितले नाही. बेरियम अंगात शोषले जात नाही, ते तसेच बाहेर पडते. पाणी कमी पडले तर आत घट्ट होते. बाबांचे पोट साफ होईना, आणि झाले तेव्हा पांढरा रंग पाहून ते हादरले.

आता पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा क्ष-किरण, तेही तुमच्यामुळे. म्हणून पूर्ण बेरियम मील विनाशुल्क करून द्यावे, किंवा पूर्ण रक्कम परत करावी. जुना रिपोर्ट रेडिओलॉजिस्टच्या सहीने लेखी रद्द करावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

सोबत: चिठ्ठी, पावती व रिपोर्टच्या प्रती. मूळ फिल्म माझ्याकडेच आहेत.

आपला,
रुग्णाचा मुलगा